पांजरपोळ

पांजरपोळ : वृद्ध, रोगी, अपंग, बेवारशी किंवा मालकाला नकोशी झालेली जनावरे स्वीकारून त्यांचा मरेपर्यंत सांभाळ करणारी धर्मादाय संस्था. हा शब्द गुजरातीतून मराठीत आला. ‘पांजरा’ म्हणजे पिंजरा आणि ‘पोळ’ म्हणजे दरवाजा असलेली बंदिस्त वस्ती. अहमदाबादेतील जुन्या मोहल्ल्यांच्या नावांत हा दुसरा शब्द आजही आढळतो. देवाच्या नावाने मोकळा सोडलेला वळू या अर्थाच्या मराठीतील ‘पोळ’ शब्दाशी त्याचा संबंध नाही. निरुपयोगी माणसांचा भरणा असलेल्या कचेरीला मराठीत थट्टेने पांजरपोळ म्हणतात. या थट्टेत संस्थेविषयीचा जुना आक्षेपच दडलेला आहे : ज्याच्यापासून उत्पन्न नाही, त्याला पोसायचे कोणी आणि कशातून? पांजरपोळाचा इतिहास हा बव्हंशी या प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांचा इतिहास आहे. पुढील विवेचनात मुंबईचा पांजरपोळ हे व्यापारी शहराचे आणि मराठवाड्यातील परभणी जिल्हा हे शेतीप्रधान मुलखाचे उदाहरण म्हणून घेतले आहे.

पांजरपोळ, गोशाळा आणि कोंडवाडा यांत फरक आहे. गोशाळेत मुख्यतः गाई असतात आणि दूध व पैदास हे तिचे एक अंग असते. पांजरपोळात गाय, बैल, म्हैस, शेळी, घोडा, कुत्रा, कबूतर असा कोणताही प्राणी येऊ शकतो. उत्पन्नाची अपेक्षा नसते. कोंडवाडा ही धर्मादाय संस्था नव्हे. पिकात शिरलेली जनावरे अडकवून मालकाकडून दंड वसूल करण्याची ती सरकारी जागा असून तिला १८७१ च्या कायद्याचा आधार आहे. व्यवहारात मात्र पहिल्या दोहोंतील सीमारेषा पुसट झाली असून महाराष्ट्रातील अनेक ‘गोरक्षण’ संस्था दोन्ही कामे करतात.

प्राचीन उल्लेख : अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांप्रमाणे पशूंच्याही चिकित्सेची व्यवस्था केल्याचे म्हटले आहे. त्यावरून पांजरपोळाचा उगम थेट मौर्यकाळात नेण्याचा प्रयत्न होतो. तथापि चिकित्सा आणि आजन्म सांभाळ या भिन्न गोष्टी होत. कौटिलीय अर्थशास्त्रातील गोध्यक्षाच्या प्रकरणात रोगी, व्यंग असलेल्या व दोहण्यास अवघड अशा जनावरांच्या कळपाचा ‘भग्नोत्सृष्टक’ असा स्वतंत्र वर्ग सांगितला आहे. पण तेथेही दृष्टी राजाच्या पशुधनाच्या हिशेबाची आहे, करुणेची नाही. संस्था म्हणून स्पष्ट पुरावा मिळतो तो सोळाव्या शतकापासून, गुजरातेतील बंदरांमधून. इंग्रज व्यापारी राल्फ फिच याने खंबायत येथे पांगळ्या कुत्र्या-मांजरांसाठी व पक्ष्यांसाठी असलेल्या रुग्णालयांची नोंद केली. १६२३ मध्ये तेथे आलेला इटालियन प्रवासी प्येत्रो देल्ला व्हाल्ले याने असेच वर्णन केले असून, सतराव्या शतकाच्या अखेरीस ओव्हिंग्टन याने सुरतेच्या संस्थेविषयी लिहिले आहे. या सर्व ठिकाणी पैसा जैन व वैष्णव वाण्यांचा होता. जेथे बंदर, पेठ आणि महाजन, तेथे पांजरपोळ, असे समीकरण पुढेही बराच काळ टिकले.

मुंबईचा पांजरपोळ : महाराष्ट्रातील या संस्थेच्या इतिहासाला एका दंगलीची पार्श्वभूमी आहे. भटकी कुत्री मारण्याचे फर्मान मुंबई सरकारने काढले होते आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायांना इनाम मिळे. इनामाच्या लोभाने शिपाई घरांच्या आवारातील कुत्र्यांवरही हात टाकू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला विशेष स्थान असून अंत्यविधीतील ‘सगदीद’ हा भाग त्याच्याशिवाय पुरा होत नाही. जून १८३२ मध्ये कोट भागातील पारशांनी शिपायांना अडविले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली आणि हिंदू, जैन व इस्माइली व्यापारीही बंदमध्ये सामील झाले. कुलाब्याच्या लष्करी छावणीचा अन्नपुरवठा काही काळ तुटल्याने प्रकरण सरकारला झोंबले.

दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) आणि जहाजांचे मालक असलेले जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा शेट (१७८२–१८३६) यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरपोळ स्थापन झाला. दंगलीस कारण झालेल्या कुत्र्यांचीही तेथे सोय झाली. एक पारशी व एक जैन अशा दोघांनी मिळून ही संस्था उभारली, ही गोष्ट आज विसरली गेली आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोरक्षणाला जे जातीय वळण लागले, त्याचा या प्रारंभाशी संबंध नाही. शहर वाढले तसे भुलेश्वरची जागा अपुरी पडू लागली आणि बाहेर मोकळ्या जमिनी घेण्यात आल्या. चेंबूर येथील जमिनीची खूण ‘पांजरपोळ’ या चौकाच्या नावाने राहिली आहे. तेथून जवळच देवनार येथे १९७१ मध्ये महापालिकेचा कत्तलखाना सुरू झाला, आणि बैलांची कत्तल बंद व्हावी म्हणून विनोबा भावे यांच्या अनुयायांनी ११ जानेवारी १९८२ पासून जो दीर्घ सत्याग्रह केला तो या देवनारच्या दारात. जनावराच्या दोन शेवटांची दोन ठिकाणे अशी एकमेकांशेजारी आली.

लाग आणि धर्मादाय : संस्थेचा खर्च देणग्यांवर चालत नसे. देणगी एकदा मिळते, जनावर रोज खाते. म्हणून मुंबईच्या व्यापाऱ्यांनी कापूस व अन्य मालाच्या उलाढालीवर ठरावीक लहान लाग बसविला. कायद्याने नव्हे, तर महाजनांच्या संमतीने बसविलेला तो कर होता. आणि न देणाऱ्याची पेठेतील पत जात असल्याने तो सरकारी करापेक्षा सहज वसूल होई. त्यातून इमारती व जमिनी घेतल्या गेल्या आणि पुढे भाड्याचे उत्पन्न सुरू झाले. मुंबईचा पांजरपोळ टिकला तो या स्थावर मिळकतीमुळे.

हीच पद्धत रेल्वेबरोबर आतल्या बाजारपेठांत गेली, तेव्हा तिचे रूप पालटले. कापसाच्या व धान्याच्या पेठांत आडत्या शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई यांबरोबर ‘धर्मादाय’ म्हणून काही रक्कम कापून घेई. त्यात मंदिर, पाठशाळा, धर्मशाळा आणि गोरक्षण यांचे वाटे असत. पुण्य व्यापाऱ्याच्या नावावर जमा होई. पैसा मात्र कापूस पिकविणाऱ्याचा असे. शेतकऱ्याला या कपातीवर हरकत घेता येत नसे आणि रकमेचा हिशेबही त्याला कोणी देत नसे. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने बाजारातील अशा कपातींची दखल घेतली. नियंत्रित बाजारांचे कायदे झाले—वऱ्हाडात १८९७, मुंबई इलाख्यात कापसापुरता १९२७, हैदराबाद संस्थानात १९३०—तसतशी विनापरवाना कपातींवर बंधने आली. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात तर ‘धर्मादा’ या रकमेसाठी स्वतंत्र कलम (५४) घालावे लागले. ती रक्कम गोळा करणारा व्यापारी तिचा मालक नसून विश्वस्त आहे, असे त्यात ठरविले गेले व धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब देणे बंधनकारक झाले. शेतकऱ्यावरील अन्याय दूर करणाऱ्या या सुधारणेने बाजारपेठांतील गोरक्षण संस्थांचे बांधलेले उत्पन्न मात्र आटविले. त्याच्या जागी दुसरे काही आले नाही.

गोरक्षण चळवळ : दयानंद सरस्वतींच्या प्रेरणेने १८८० नंतर उत्तर हिंदुस्थानात गोरक्षिणी सभा निघाल्या व त्यांचे लोण नागपूर-वऱ्हाडात पोहोचले. अकोल्याच्या ‘गोरक्षण’ रस्त्यासारखी नावे या काळाचा वारसा सांगतात. १८९३ च्या दंगलींनंतर या सभांकडे सरकार संशयाने पाहू लागले. पांजरपोळाच्या दृष्टीने या चळवळीचा परिणाम असा की, सर्व प्राण्यांवरील दयेचा जुना विचार मागे पडून गाय केंद्रस्थानी आली. म्हैस, गाढव व कुत्रा यांना जागा कमी होत गेली.

महात्मा गांधींची भूमिका वेगळी होती. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गोरक्षा मंडळाद्वारे व पुढे वर्ध्याला जमनालाल बजाज यांनी अखेरच्या दिवसांत ज्याला वाहून घेतले त्या गोसेवेच्या कार्याद्वारे त्यांनी असा आग्रह धरला की, पांजरपोळांनी आदर्श दुग्धालये चालवावीत, चांगली पैदास करावी व मृत जनावरांच्या कातड्यासाठी चर्मालये जोडावीत. मेलेल्या गाईच्या कातड्याची किंमत आली, तर जिवंत म्हातारी गाय पोसणे परवडेल, असा त्यांचा हिशेब होता. तो बिनचूक असला तरी त्यात एक अडचण होती. गावगाड्यात मृत जनावर ओढण्याचे काम ज्यांच्यावर जन्माने लादले होते, त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९२७ च्या महाड येथील आवाहनानंतर ते सोडण्यास प्रारंभ केला होता, आणि सोडणे रास्तच होते. ज्या सवर्ण विश्वस्तांच्या हाती पांजरपोळ होते, ते कातडे कमावण्यास पुढे आले नाहीत.

नियोजन व न्यायालये : पहिल्या पंचवार्षिक योजनेत (१९५१–५६) निरुपयोगी जनावरांसाठी दूरच्या जंगलपट्ट्यांत १६० ‘गोसदने’ काढण्याचे ठरले, प्रत्येकात २,००० जनावरे राहावीत अशी कल्पना होती. प्रत्यक्षात या उद्दिष्टाचा फार थोडा भाग पुरा झाला. ज्या रानात चारा व पाणी आहे तेथे अगोदरच कोणाची तरी गुरे चरत होती, ही साधी गोष्ट योजनाकारांच्या ध्यानात आली नसावी. गोसदनांचे हे अपयश १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यात न्यायालयाने गाई व वासरे यांच्या कत्तलीवरील पूर्ण बंदी वैध मानली. परंतु कामातून गेलेल्या बैलांवरील पूर्ण बंदी नाकारली. चाऱ्याची टंचाई असताना निरुपयोगी जनावरांनी उपयुक्त जनावरांचा वाटा खाऊ नये, असा त्यामागील विचार होता. २००५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने गुजरातेतील खटल्यात हे मत बदलले. शेण व मूत्र यांची किंमत धरता कोणतेही जनावर मरेपर्यंत निरुपयोगी होत नाही, असा युक्तिवाद बहुमताने मान्य झाला.

महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण अधिनियमाने गाईची कत्तल बंद केली. बैल व वळू प्रमाणपत्रानंतर कापता येत. त्यांनाही संरक्षण देणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ मध्ये संमत केली, पण तिला राष्ट्रपतींची संमती मिळून ती अंमलात आली मार्च २०१५ मध्ये. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये काही कलमे रद्द करून कत्तलबंदी कायम ठेवली. म्हशी व रेडे या बंदीच्या बाहेर आहेत. म्हाताऱ्या बैलाला पूर्वी जी थोडीफार किंमत येई ती यामुळे गेली. जी जनावरे वाहतुकीत पकडली जातात, ती १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ३५ नुसार दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने पांजरपोळात ठेवता येतात. खर्च मालकाने द्यावा असे कलम म्हणते. परंतु गुन्हा शाबीत होईपर्यंत वर्षे जातात आणि तोवरचा चारा संस्थेला घालावा लागतो.

परभणी जिल्हा : गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील हा काळ्या जमिनीचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. भारी जमिनीतील नांगरटीस दणकट बैल लागे. शेजारच्या कंधार परिसरातील लाल कंधारी व उदगीरकडील देवणी या जातींची ख्याती त्यामुळेच झाली. १९०० मध्ये हैदराबाद–मनमाड रेल्वे सुरू झाल्यावर परभणी, सेलू, मानवत या कापसाच्या पेठा वाढल्या आणि मारवाडी व गुजराती व्यापारी येथे स्थिरावले. जैन परंपरा त्याहून जुनी असून जिंतूरजवळचे नेमगिरी हे त्यांचे प्रसिद्ध क्षेत्र आहे. असे असूनही मुंबईच्या तोडीचा, स्वतःच्या भाड्यावर चालणारा पांजरपोळ या भागात उभा राहिला नाही. व्यापार होता, परंतु स्थावर मिळकतीत पैसा मुरण्याइतका काळ मिळण्यापूर्वीच धर्मादायाचे युग संपले. म्हाताऱ्या बैलाचा सांभाळ ही येथे प्रामुख्याने शेतकऱ्याच्या गोठ्यातलीच गोष्ट राहिली.

तिचे माप साध्या गणिताने कळते. बैल साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी कामाला धरतात आणि दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत तो औताला चालतो. त्याचे आयुष्य अठरा-वीस वर्षांचे असू शकते. ३५०–४०० किग्रॅ. वजनाच्या जनावराला रोज आठ ते दहा किग्रॅ. कोरडा चारा व चाळीस-पन्नास लिटर पाणी लागते. म्हणजे काम संपल्यावरची सहा-सात वर्षे त्याला दरसाल तीस-पस्तीस क्विंटल कडबा हवा. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावली, तोच बैल दोन एकरांच्या धन्याला चैत्रात जड होतो. यात कृतघ्नता पाहणाऱ्याने कडब्याचा भाव विचारावा.

दुष्काळात हे गणित पूर्ण मोडते. १९७२–७३ च्या दुष्काळात मराठवाड्यातील गुरे मातीमोल विकली गेली वा दावणीला मेली. त्यानंतर राज्यात वेळोवेळी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. २०१८–१९ च्या टंचाईत छावणीतील मोठ्या जनावरामागे रोज ९० रुपये व पुढे १०० रुपये दर सरकारने मान्य केला. छावणी पाऊस पडला की मोडते. पांजरपोळ मोडता येत नाही, हा दोहोंतील मूलभूत भेद होय.

परभणी येथे १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले (२०१३ पासून ‘वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ’). देवणी व होल्स्टीन यांच्या संकरातून ‘होलदेव’ ही दुधाळ संकरित गाय तेथे विकसित झाली. संकराने दूध वाढले. परंतु संकरित गोऱ्हा उन्हात औताला टिकत नाही आणि त्याला वशिंड नसल्याने जूही नीट बसत नाही. त्यामुळे जन्मतःच नकोसे असे जनावर प्रथमच मोठ्या संख्येने निपजू लागले. दुसरीकडे ट्रॅक्टर आले, आणि सोयाबीनने ज्वारीचे क्षेत्र व्यापल्यामुळे कडबा घटला. सोयाबीनचे कुटार कडब्याची बरोबरी करीत नाही. पशुगणनेनुसार महाराष्ट्रातील गाय-बैलांची संख्या २०१२ मधील सु. १ कोटी ५५ लाखांवरून २०१९ मध्ये सु. १ कोटी ४० लाखांवर आली. संख्या घटत असताना मोकाट जनावरांच्या तक्रारी वाढाव्यात, यात वाटतो तितका विरोध नाही.

शासनाने २०१७ मध्ये मुंबईचे दोन जिल्हे वगळून परभणीसह ३४ जिल्ह्यांत प्रत्येकी एका संस्थेस १ कोटी रुपयांपर्यंत साहाय्य देणारी ‘गोवर्धन गोवंश सेवा केंद्र’ योजना आखली. २०२३ मध्ये गोसेवा आयोग स्थापन झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये गोशाळांतील देशी गाईंसाठी रोज प्रत्येकी ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय झाला. पाच वर्षांपूर्वीच्या छावणीच्या दराच्या तुलनेत ही रक्कम निम्मी आहे. शिवाय ती देशी गाईंपुरतीच असल्याने, ज्याचा प्रश्न सर्वांत बिकट आहे तो संकरित गोऱ्हा तिच्या बाहेर राहतो.

जुन्या संस्थांपुढील अडचण निराळ्या प्रकारची आहे. नाशिक पंचवटी पांजरपोळाच्या चुंचाळे शिवारातील शेकडो एकर जमिनीवर उद्योगांसाठी २०२३ मध्ये मागणी झाली. त्या जमिनीवर वाढलेले जंगल वाचवावे म्हणून नागरिकांनी विरोध केला.

पाश्चात्त्य देशांत शेतीतील जनावरांची आश्रयस्थाने अलीकडची आहेत. अमेरिकेतील ‘फार्म सँक्च्युअरी’ ही संस्था १९८६ मध्ये निघाली. बाजाराच्या आवारात मृत जनावरांच्या ढिगावर जिवंत टाकून दिलेली एक मेंढी हे तिचे पहिले जनावर. तेथे आश्रयास येणाऱ्या प्राण्यांत कोंबड्या व डुकरे पुष्कळ असतात आणि कारखानी पशुपालनाला विरोध हा उघड हेतू असतो. पांजरपोळाने असा विरोध कधी केला नाही. व्यवस्थेने टाकलेले जनावर त्याने उचलले. व्यवस्थेला प्रश्न विचारला नाही.

आजन्म सांभाळ : नवे जनावर आल्यावर दोन-तीन आठवडे वेगळे ठेवतात. लाळ्या-खुरकूत, घटसर्प व फऱ्या यांच्या लसी टोचतात. २०२२ मधील लम्पी चर्मरोगाच्या साथीनंतर त्या लसीचीही भर पडली. शहरातून आलेल्या गाईंच्या पोटात प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे गोळे असतात व ते शस्त्रक्रियेने काढावे लागतात. म्हाताऱ्या जनावराचे दात झिजलेले असल्याने अख्खी पेंढी त्याला चावत नाही. कडब्याची कुट्टी करून, पेंड भिजवून द्यावी लागते. तरण्या जनावरांच्या गव्हाणीवर म्हातारे मागे ढकलले जाते म्हणून त्यांची दावण वेगळी ठेवतात. चालणे कमी झाल्याने खूर वाढतात, ते वेळोवेळी कापावे लागतात. वळू वेगळे न ठेवल्यास किंवा गोऱ्ह्यांचे खच्चीकरण न केल्यास कळप आतूनच वाढतो. या एका बाबीकडे दुर्लक्ष झाल्याने अनेक संस्था बुडीत गेल्या आहेत.

बसलेले जनावर उठेनासे झाले की खरी कसोटी लागते. दिवसातून अनेकदा त्याची कूस बदलावी लागते, अंगाखाली कोरडे पाचट घालावे लागते; अन्यथा दोन-तीन दिवसांत फऱ्यावर व गुडघ्यांवर जखमा होऊन त्यांत अळ्या पडतात. चारशे किलोंचे जनावर परतविण्यास तीन-चार माणसे लागतात. बहुतेक संस्थांत रात्री एकच राखणदार असतो. असाध्य वेदनेत असलेल्या जनावराला सुखाने मरण द्यावे काय, याविषयी पशुवैद्य व विश्वस्त यांच्यात मतभेद आहेत. जैन परंपरेतील विश्वस्त त्यास सहसा संमती देत नाहीत. मृत जनावर बहुधा संस्थेच्याच जमिनीत मीठ व चुना घालून पुरतात, आणि त्या जागी पुढील वर्षी चाऱ्याचे पीक घेतात.